गळा त्याचा, डोळे आपले

औंढ्या नागनाथाच्या देवळाची गोष्ट मराठवाड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना हटकले आणि मागच्या अंगाला जाऊन गायला सांगितले. नामदेव निमूटपणे मागे गेले, टाळ धरला, गाऊ लागले. आणि ते गाणे ऐकायला सगळे देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. बारा ज्योतिर्लिंगांत ज्याची गणना होते ते हे देऊळ काळ्या दगडाचे, यादवांच्या काळचे, अंगभर शिल्पे मिरवणारे. एवढा भार जागचा हलला की नाही ह्याची चिकित्सा इथे नको. पण ज्या लोकांनी ही गोष्ट सहा-सातशे वर्षे जपली त्यांना गाण्याच्या शक्तीविषयी काय वाटत होते ते मात्र तिच्यातून नेमके कळते. गाण्याने दगड पाझरला, वितळला असे ते म्हणत नाहीत. दगड वळला आणि ऐकू लागला, एवढेच म्हणतात.

हिंगोली जिल्ह्याची ही भूमी गाण्याच्या बाबतीत मोठी भाग्यवान. कयाधूच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. परंपरेने नामदेवांचा जन्म तिथला, १२७० सालचा. शीख मंडळी ह्या गावाला आवर्जून येतात, कारण नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत. शेजारच्या परभणी जिल्ह्यात गंगाखेड, ते जनाबाईचे गाव. पलीकडे नांदेड जिल्ह्यात माहूरगड, तिथे रेणुकामाता. आणि ह्या साऱ्या मुलखात गावोगाव हिंडणारे, कवड्यांच्या माळा घातलेले, संबळ वाजवून रात्र जागवणारे गोंधळी. हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा मुलूख परभणी जिल्ह्यातच मोडत असे, आणि परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळाचे नाव मराठवाड्याबाहेर किती दूर नेले ते जाणकारांना सांगायला नको.

मला ज्या गोष्टीचे कोडे फार दिवस पडले होते ती ही. ज्याने गळा कमावलेला नाही, ज्याला राग-तालाची नावे सांगता येणार नाहीत, असा एखादा साधा माणूस एक जुनी, सर्वांना शेवटासकट पाठ असलेली गोष्ट गाऊन सांगतो आणि शे-दोनशे माणसांच्या डोळ्यांना धार लागते. हे कसे होते? उत्तम गवयाच्या बैठकीत आपण माना डोलावतो, वाहवा म्हणतो. रडत मात्र सहसा नाही. मग इथेच का रडतो?

ह्या कोड्याचा एक धागा मला अगदी अनपेक्षित ठिकाणी, इंग्लंडात सापडला. हिंगोलीचा आणि साहेबाचा संबंध जुना आहे. निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालच्या कंटिन्जंट फौजेची छावणी इथे होती. ती मोडली १९०३ साली. योगायोग असा की त्याच १९०३ साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, हॅम्ब्रिज नावाच्या खेड्यात, सेसिल शार्प नावाचे एक संगीतशिक्षक आपल्या पाद्री मित्राकडे उतरले होते. बागेत माळी गवत कापता कापता एक गाणे म्हणत होता. माळ्याचे नाव जॉन इंग्लंड. शार्पसाहेबांनी कागद-पेन्सिल घेतली आणि ते गाणे जसेच्या तसे उतरवून घेतले. त्या दिवसापासून त्या गृहस्थाला जो छंद जडला तो मरेपर्यंत सुटला नाही. शेतमजूर, गवळणी, म्हाताऱ्या मोलकरणी, अनाथालयातल्या आज्या अशा शेकडो लोकांपुढे बसून त्यांनी हजारो गाणी टिपली. पुढे १९१६ ते १९१८ ह्या काळात, महायुद्ध चालू असताना, मॉड कार्पेलिस ह्या सहायिकेला बरोबर घेऊन ते अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत हिंडले. कारण तिथे स्थायिक झालेल्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या तोंडी, इंग्लंडात विसरली गेलेली इंग्लंडची गाणी अजून शिल्लक होती.

ह्या शार्पसाहेबांनी १९०७ साली एक पुस्तक लिहिले. त्यात गाणाऱ्यांचे जे वर्णन आहे ते वाचून मी थबकलो. ते सांगतात की हा खेडूत गायला लागला की डोळे मिटून घेतो, मान वर करतो आणि चेहरा अगदी ताठ, निर्विकार ठेवतो. गाण्यात खून होवो, बुडून मरण येवो, आई मुलाला पुरो, चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलत नाही. गाणे संपले की डोळे उघडतो आणि पहिल्यासारखा हसू-बोलू लागतो. जणू मधल्या वेळात तो तिथे नव्हताच. गोष्टच स्वतःला सांगत होती.

इंग्रजीत ह्या कथागीतांना बॅलड म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस चाइल्ड ह्यांनी १८८२ ते १८९८ ह्या वर्षांत इंग्लंड-स्कॉटलंडच्या अशा ३०५ कथागीतांचा संग्रह छापला, आणि पाठभेद इतके दिले की एकेका गीताची डझनभर रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. त्यांतले 'लॉर्ड रँडल' घ्या. तरुण मुलगा घरी येतो. आई विचारते, कुठे होतास? काय जेवलास? तुझ्या कुत्र्यांचे काय झाले? मुलगा उत्तरे देतो, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी आईला अंथरूण घालायला सांगतो. एवढेच गाणे. प्रेयसीने विष घातले हे कोणी सांगत नाही. कुत्रे सुजून मेले हे ऐकताच आईला कळते आणि तिच्याबरोबर आपल्यालाही कळते. मग आई मृत्युपत्राचे प्रश्न विचारू लागते. आईला काय ठेवलेस, भावाला काय ठेवलेस. गीतात 'हाय' नाही, 'अरेरे' नाही, कवीने आपल्या वतीने काढलेला एक उसासा नाही. प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर. दाराची कडी वाजावी तसा तो ठोका पडत राहतो.

'बार्बरा ॲलन'चेही तेच. मरणाला टेकलेला तरुण तिला बोलावणे पाठवतो. ती सावकाश येते, पडदा बाजूला करून त्याच्याकडे बघते आणि दोन कोरडे शब्द बोलून परत फिरते. वाटेत देवळाच्या घंटा वाजतात आणि तिला तिचा निष्ठुरपणा उमगतो. गोष्ट चार ओळींत मावणारी. पण कॉलेजात ज्यांनी 'व्हिकार ऑफ वेकफील्ड' वाचली असेल त्यांच्या ओळखीचे ऑलिव्हर गोल्डस्मिथ लिहून गेले आहेत, की लहानपणी घरच्या म्हाताऱ्या गवळणीने हे गाणे म्हणून आपल्याला रडवले आणि त्यापुढे मोठमोठ्या गायकांचे गाणे आपल्याला बेसूर वाटते. त्यांच्याही दोनशे वर्षे आधी सर फिलिप सिडने ह्या सरदार कवीने कबुली दिली होती, की कुणा आंधळ्या भिकाऱ्याच्या भसाड्या आवाजातले पर्सी-डग्लसच्या लढाईचे गाणे ऐकले की रणशिंग वाजल्यासारखे काळीज हलते. सिडने लॅटिन-ग्रीक पढलेला दरबारी मनुष्य. त्याला ह्या कबुलीची थोडी लाजही वाटत होती. ही लाज आपल्या ओळखीची आहे. आमच्याकडेही आजीच्या ओव्या ऐकून डोळे पुसणारा ग्रॅज्युएट नातू 'डोळ्यांत काहीतरी गेले' असेच म्हणतो.

आता आपल्या गोंधळाकडे वळू.

शहरातल्या पुष्कळ घरांत गोंधळ म्हणजे लग्नानंतर उरकायचा एक कुळाचार होऊन बसला आहे. म्हणून थोडे तपशिलात सांगतो. अंगणात पाट मांडून त्यावर नवे वस्त्र किंवा चोळीचा खण अंथरतात, धान्याचा चौक भरतात, वर कलश, कलशावर नारळ. दिवटी पेटते. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, पुढे उभा राहतो. संबळवाला, तुणतुणेवाला, झांजवाला मागे. संबळ हे दोन तोंडांचे जोडवाद्य, एकाचा आवाज घुमतो, दुसऱ्याचा चरचरीत तडतडतो. आधी देवांना आवतण. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, शिवाय घरची, शिवेवरची, वाटेवरची सगळी दैवते नावे घेऊन गोंधळाला बोलावली जातात. तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई आणि रेणुकेचे ते रेणुराई असा त्यांच्यात भेद आहे. हा सगळा प्रकार नवा नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर राजाने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात गोंधळाचा उल्लेख सापडतो. त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असेही नमूद आहे. म्हणजे आज मी ज्या दोन गाण्यांविषयी लिहितो आहे ती दोन्ही आठशे वर्षांपूर्वी एका राजाच्या कानी पडली होती आणि नोंदवण्याजोगी वाटली होती.

देवांची आवतणे झाली, स्तवने झाली, की रात्र चढते आणि आख्यान सुरू होते. इथे गोंधळी त्या इंग्रज खेडुतापेक्षा अगदी निराळा वागतो. तो डोळे मिटत नाही. तो नाचतो, गिरकी घेतो, राजाचा आवाज काढतो, राणीचा काढतो. शेजारचा साथीदार मुद्दाम खुळ्यासारखे प्रश्न विचारून त्याला अडवतो, गावच्या सावकारावर कोटी करतो, यजमानांच्या व्याह्यांची फिरकी घेतो. बायका पदर तोंडाला लावून हसतात. मध्येच करपल्लवीचा खेळ होतो. श्रोत्यांतल्या कुणी एकाच्या कानात नाव सांगावे, त्याने बोटांच्या खुणा कराव्यात आणि दूर उभ्या असलेल्या दुसऱ्याने ते नाव ओळखावे. पोरे टाळ्या पिटतात. एखाद्या नवख्याला वाटेल की हा तर नुसता तमाशा! पण थांबा.

आख्यान आहे चिलया बाळाचे. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतामुळे ही कथा घरोघर ठाऊक आहे. श्रियाळ राजा आणि चांगुणा राणी ह्यांचे व्रत, की दारचा अतिथी विन्मुख जाऊ द्यायचा नाही. शंकर गोसाव्याच्या रूपाने येतात आणि भोजनात मागतात ते नरमांस, तेही ह्यांच्या एकुलत्या एका मुलाचे. पोर शाळेतून बोलावले जाते. पोर समजूतदार, स्वतःहून मान पुढे करते. स्वयंपाक होतो. पण अतिथी पानावरून उठतो, कारण आईने मुलाचे शिर लपवून ठेवले आहे. ते तिला एकदा डोळे भरून पाहायचे होते. गोसावी म्हणतो, ते शिर उखळात घालून कांड. आणि नुसते कांडायचे नाही. गाणे म्हणत कांडायचे. डोळ्यांतून टिपूस गळता कामा नये.

सगळ्या मराठी कथागीतांत इतकी भयंकर जागा दुसरी नसेल. एखादा कसलेला नाईक ह्या ठिकाणी काय करतो ते नीट लक्ष देऊन पाहावे. इतका वेळ खिदळणारा साथीदार गप्प झालेला असतो. संबळाचा ठेका संथ पडतो, अगदी मुसळाच्या ठोक्यासारखा. नाईक नाचणे थांबवतो. आणि चांगुणेचे गाणे तो बाईच्या रडव्या आवाजात काढत नाही. सरळ, सपाट, रोज पहाटे घरोघर ऐकू येई तशा कांडणाच्या चालीवर म्हणतो. कच्चा गोंधळी असेल तर तो इथे हुंदका देतो, गळा कापरा करतो, आणि सगळा डाव फुकट जातो. कारण गोष्टीतल्या आईला रडायची बंदी आहे. तिचे दुःख गाणाऱ्याने रडून दाखवले तर ते मोकळे झाले, संपले. त्याने ते अडवून धरले की मग ते जाणार कुठे? समोर बसलेल्यांच्या डोळ्यांतून बाहेर पडते. अंगणातल्या आया मांडीवरच्या पोराला घट्ट धरतात. चांगुणेला जे करता येत नाही ते त्या तिच्या वतीने करत असतात.

माझे कोडे मला इथे सुटल्यासारखे वाटले. सॉमरसेटचा माळी डोळे मिटतो. आमचा गोंधळी हसू आणि संबळ ह्यांच्या आड उभा राहतो. मार्ग दोन, पण गाणाऱ्याने स्वतःचे रडे मध्ये आणायचे नाही हा कायदा एकच. आजकाल चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर गायक इतके कळवळून गातात की ऐकणाऱ्याला करायला काही उरतच नाही. माझे हे मत काहींना खडूस वाटेल. वाटो.

गोष्ट पाठ असण्याचाही ह्यात मोठा हात आहे. गोसावी शेवटी म्हणतो की निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा दारात येऊन हाक मारते आणि चिलया धावत येतो. हे ऐकणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक असते. तरी ते रडतात. मुलाचे काय होणार ह्या उत्कंठेने रडणे वेगळे, आणि काय होणार ते माहीत असताना आईबरोबर एकेक पायरी उतरणे वेगळे. पालुपदाचे काम हेच. बॅलडमध्ये तीच ओळ पुनःपुन्हा येते, गोंधळात साथीदार झील धरतात, आणि तेवढ्या अवकाशात श्रोत्याचे मन गाणाऱ्याच्या पुढे धावून त्या दुःखापाशी जाऊन उभे राहते.

गोंधळ्यांची सगळी आख्याने रडवणारी असतात असे मात्र नव्हे. जांभूळ आख्यान पाहा. पाच पांडवांची पत्नी द्रौपदी कर्णाला पाहते आणि मनात क्षणभर येते, हा सहावा असता तर! श्रीकृष्ण ते ओळखतो. मग वनात झाडावरून तुटलेल्या एका जांभळाचे निमित्त होते. प्रत्येकाने मनातले खरे सांगावे, म्हणजे फळ उचलत उचलत परत देठाला लागेल. द्रौपदी लपवते तेव्हा वर चढलेले फळ खाली येते. ती खरे बोलते तेव्हा ते फांदीला चिकटते. व्यासांच्या महाभारतात हे नाही. हे आपल्या लोकांनी रचले, आणि रात्री अंगणात, सासू-सुनांच्या देखत, गाऊन सांगितले. एका पतिव्रतेच्या मनातली चोरटी इच्छा उघड होते आणि तिला शिक्षा होत नाही. खरे बोलल्याबद्दल जांभूळ जागच्या जागी लागते! ज्या समाजात सुनेला मान वर करून बोलायची सोय नव्हती त्या समाजाने गोंधळ्याच्या तोंडून हे ऐकून घेतले, ह्याचे नवल वाटते. शाहीर विठ्ठल उमपांनी हे आख्यान शहरी रंगभूमीवर आणले आणि पांढरपेशा प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. उमपांना २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच मरण आले.

पण रात्रभर जागणाऱ्या पुरुषांच्या ह्या गाण्याहून घरातल्या बायकांचे गाणे मला अधिक खोल वाटते. तिथे तर श्रोताच नसे. पहाटे अंधारात जात्याचा खुंटा धरलेल्या दोघी, नाहीतर एकटीच. ओवीची पहिली ओळ बहुधा बाहेरच्या जगातली. वाट, झाड, गाव, बाजार. दुसऱ्या ओळीत अलगद माहेर येते, भाऊ येतो, मेलेली आई येते. जात्याचा पाळू फिरत असतो, पीठ पडत असते, हात थांबवता येत नाही. म्हणजे रडायची बंदी इथेही आहेच, फक्त ती गोसाव्याने घातलेली नाही, उजाडायच्या आत पुरे व्हायच्या दळणाने घातली आहे. गंगाखेडच्या जनाबाईला ह्या एकट्या दळण्यात विठोबा खुंट्याला हात लावायला आला असे वाटले. तिच्या अभंगांत देव दळतो, शेणी वेचतो. जात्यावर बसलेल्या कुठल्याही बाईला त्यात अतिशयोक्ती वाटली नसेल. दुसरा हात खुंट्याला लागला की जाते किती हलके होते ते तिला ठाऊक असे.

पिठाची गिरणी आली आणि ह्या गाण्याची जागा गेली. गिरणीला दोष देणाऱ्या पुरुषांना मी एकच विचारतो, तुम्ही कधी पायली दोन पायली दळले आहे काय? बायांच्या खांद्यावरचे ओझे उतरले हे उत्तमच झाले. पण गाणे कामाला बांधलेले होते. काम सुटले तसे तेही सुटले. इंग्लंडातही हेच झाले. शार्पसाहेब पोचले तेव्हा गाणारे बहुतेक साठी-सत्तरीचे होते आणि त्यांच्या मुलांना ती गाणी गावंढळ वाटत होती.

मग ही गाणी लिहून ठेवावीत काय? ह्या प्रश्नावर एका म्हातारीने जे ऐकवले आहे ते गाणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावे. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या गाण्यांचा संग्रह सर वॉल्टर स्कॉट १८०२ च्या सुमारास छापत होते. एट्रिक खोऱ्यातल्या मार्गारेट हॉग ह्या बाईने त्यांना गाणी सांगितली होती. ही कवी जेम्स हॉग ह्यांची आई. छापील पुस्तक पाहून तिने स्कॉटना चांगलेच फैलावर घेतले. ही गाणी म्हणायसाठी होती, वाचायसाठी नव्हती. तुम्ही त्यांची जादू मोडलीत, आता ती कोणी म्हणणार नाही. आणि वर ती नीट उतरवलेलीही नाहीत, असे ती म्हणाल्याचे तिच्या मुलाने लिहून ठेवले आहे.

आमच्याकडे हे काम सुरू झाले ते एका साहेबाच्या आणि एका मराठी माणसाच्या जोडीने. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ, ज्यांच्या नावाचे कुष्ठरोग्यांचे इस्पितळ वडाळ्याला आहे, त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्या साह्याने मराठी पोवाडे जमवले. १८९१ साली तो संग्रह निघाला. १८९४ साली ॲकवर्थसाहेबांनी त्यांतल्या काहींचे इंग्रजी पद्यात रूपांतर केले. पोवाडे गाणाऱ्यांत गोंधळी पुष्कळ असत. म्हणजे आमच्या संबळावरचे गाणे इंग्रजी बॅलडच्या वृत्तात जाऊन बसले. त्या इंग्रजी ओळी वाचताना साहेबाच्या रसिकतेचे कौतुक वाटते, पण काळीज हलत नाही. मार्गारेटबाई खोटे बोलत नव्हती.

तरी मी तिच्याशी अर्धाच सहमत आहे. शाळिग्रामांनी त्या वेळी खटपट केली नसती तर कित्येक पोवाडे आज नावालाही उरले नसते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. हे ऋण मोठेच आहे. आणि कागदाखेरीज दुसरे साधनही हाताशी आले. १९०६ साली पर्सी ग्रेंजर ह्या तरुण संगीतकाराने लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ नेला आणि जोसेफ टेलर ह्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा आवाज मेणाच्या नळीवर पकडला. दोन वर्षांनी त्याच्या तबकड्या निघाल्या. तो आवाज आजही ऐकता येतो. खरखरीतून वर येणारा, स्वच्छ, लाडीगोडी नसलेला. आमच्याकडे पुण्यात गी पॉयटेव्हिन आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी १९८० नंतरच्या काळात खेड्याखेड्यांतल्या बायांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. त्यात माहेर-सासर आहे, सीता आहे, आणि मराठवाड्यातल्या वस्त्यांमधल्या बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. नवी गोष्ट आली, चाल तीच राहिली. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ही संस्था त्या इंटरनेटवर ऐकायला ठेवते आहे. त्यांच्या गावाचे नाव, बाईचे नाव, सगळे त्याबरोबर दिलेले असते, हे मला फार आवडले. 'अज्ञात स्त्री' म्हणून किती दिवस भागवायचे?

गोंधळ्याचे तसे नाही. त्याचे गाणे अजून जिवंत आहे, कारण कुळाचार जिवंत आहे. सरकारदप्तरी गोंधळी भटक्या जमातींत मोडतात. गावोगाव हिंडून, वाटून घेतलेल्या गावांतून बिदागी आणि धान्य मिळवून पोट भरायचे, हा त्यांचा जुना क्रम. त्यांची मुले शिकून नोकरीला लागली आणि त्यांनी संबळ खुंटीला टांगली तर आपण शहरात बसून हळहळण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी आमच्या करमणुकीसाठी अनवाणी का राहावे? पण जो गोंधळी अजून गातो आहे, त्याला आपण आपल्या दारात काय वागणूक देतो हे मात्र आपल्या हातातले आहे. कार्यालय रात्री दहाला रिकामे करायचे असते. फोटोवाल्याला घाई असते. नाईक देवांची आवतणे अर्धवट घेतो, दोन कवने म्हणतो, आरती होते, पाकीट हातात पडते. अर्ध्या तासात कुळाचार पार पडल्याचे समाधान यजमानांना, आणि आख्यान नाईकाच्या पोटात तसेच. त्याला दहा-बारा आख्याने येत असतात. विचारत कोणीच नाही. पुढे पुढे तोही विसरतो, आणि त्याच्या मुलाला ती येतच नाहीत.

ह्या दिवाळीनंतर तुळशीची लग्ने लागतील आणि मुहूर्त निघू लागतील. ज्यांच्या घरी गोंधळाची चाल आहे त्यांनी तो कार्यालयात न घालता घरच्या अंगणात, नाहीतर गच्चीवर, निराळ्या रात्री ठेवावा. सुपारी देतानाच नाईकाला विचारावे, तुमच्याकडे आख्याने कोणकोणती आहेत? हा प्रश्न ऐकून म्हातारा गोंधळी तुमच्याकडे जरा निरखून बघेल. चिलया येत असेल तर तो मागावा. जेवणे लवकर उरकावीत, पोरांना दुपारीच थोडे झोपवून घ्यावे, साथीदार थट्टा करील ती व्याह्यांनी मनावर घेऊ नये. आणि दिवटीला तेल घालायला एक जागता माणूस जवळ बसवावा, कारण गोंधळ पुरता झाला म्हणजे पहाट होते.